बुजऱ्या घोडीसाठी घर शोधताना

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भोर तालुक्यात आमच्या घरी चौदा महिन्यांपासून एक घोडी आहे. वय अकरा-बारा असावं, खांद्यापाशी उंची ५४ इंच. आधी वरातीत चालायची. मागच्या डाव्या पायाला दुखापत झाली आणि मालकाने तिला रस्त्यावर सोडून दिलं. तोंडात काटेरी लगामाचे जुने व्रण आहेत. माझ्या पत्नीच्या हातून खाते, तिच्याकडून म्होरकी (धरण्या-बांधण्यासाठी तोंडावर घालतात ती) घालून घेते. पण कोणी अनोळखी पुरुष दोरी किंवा काठी घेऊन आला की भिंतीला चिकटून थरथरते. मागून गेलं तर लाथ झाडते. आता माझी बदली झाली आहे आणि तीन महिन्यांत आम्हाला जावं लागेल. ओळखीच्या एका कुटुंबाची मुळशीकडे दोन एकर जागा आहे. माणसं प्रेमळ आहेत, मुलं आठ आणि अकरा वर्षांची. ते घोडी न्यायला तयार आहेत. द्यावी का? अनुभवी माणूसच हवा असेल तर तो ओळखायचा कसा?

उत्तर : या कुटुंबाला देऊ नका. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण तुमच्या घोडीला आज जे हवं आहे ते जागेने आणि मायेने भरून निघणारं नाही.

चौदा महिन्यांत तिने सगळ्या माणसांवर विश्वास ठेवायला शिकून घेतलेलं नाही. तिने फक्त तुमच्या पत्नीवर विश्वास ठेवला आहे. पत्नीचा आवाज, पत्नीची चाल, चंदीची (दाण्याच्या खाण्याची) वेळ, बादलीची खळखळ, कोणत्या बाजूने हात येणार हे सगळं तिला पाठ आहे. घोडी टेम्पोतून दुसऱ्या गावी उतरते तेव्हा यातलं एकही ओळखीचं उरत नाही आणि जुनी भीती जशीच्या तशी वर येते. पहिले दोन-तीन आठवडे ती आज आहे त्याहून वाईट वागेल, हे धरूनच चाला. त्या दिवसांत अंगणात आठ वर्षांचं मूल धावत आलं, त्याचा चेंडू तिच्या मागे गेला, तर लाथेच्या टप्प्यात मुलाचं डोकं येतं. एका लाथेने मूलही जाईल आणि “मारकी” म्हणून घोडीही जाईल.

तिचं घर बदलणं नुसतं या हातातून त्या हातात देऊन होत नसतं. नव्या माणसाने जुन्या जागी येऊन तिला शिकून घ्यायचं असतं. तीन महिने आहेत ना, ते पुरेसे आहेत. फक्त आजपासून सुरुवात करा.

घर शोधण्याआधी तिला दुखतं का ते पाहा. भीती म्हणून आपण जे पाहतो त्यात पुष्कळदा दुखणं मिसळलेलं असतं. तोंड उघडून दाढा तपासून घ्या, कारण गालाकडची धारदार टोकं आणि जुने व्रण एकत्र आले की म्होरकीची नाकपट्टीही बोचते. डोळे तपासा. एका डोळ्याने कमी दिसत असेल तर त्या बाजूने बुजणं साहजिकच आहे. पाठ दाबून पाहा, खुरं पाहा. मागच्या डाव्या पायाचा एक्स-रे काढून घ्या. तुम्हाला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तिकडे विचारा किंवा तिथून घोड्यांचा डॉक्टर मिळवा. सोबत ग्लँडर्सची रक्ततपासणी करून अहवाल हाताशी ठेवा. हा रोग माणसालाही होतो आणि रोग आहे असं ठरलं की जनावर कायद्याने मारावं लागतं, त्यामुळे हा अहवाल न मागणारा घेणारा जरा बेफिकीर आहे असं समजा. पावसाळ्यानंतर गोमाशांनी पसरणाऱ्या सर्रा या रोगासाठीही रक्त तपासून घ्या. धनुर्वात आणि रेबीजच्या लसी झाल्याची तारखेसह नोंद असू द्या.

डॉक्टर नसतानाही तुम्ही काही आकडे लिहून ठेवू शकता. घोडी शांत उभी असताना नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस हे निरोगी घोड्याचे साधारण आकडे. तिचे तिचे आकडे आठवडाभर रोज एकाच वेळी घ्या. नवा माणूस पुढे फोनवर विचारेल की नाडी ५२ आहे, काय करू, तेव्हा ती एरवी ३६ असते हे माहीत असणं फार मोलाचं असतं.

वजनासाठी काटा लागत नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५५ आणि लांबी १४० असेल तर वजन साधारण २८३ किलो येतं. जंताचं औषध याच आकड्यावर ठरतं. वैरणही: रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण, म्हणजे तिला सव्वाचार ते साधारण पावणेसहा किलो. हिरव्या गवतात पाणीच फार, ते याच्या तीन-चार पट लागतं.

आता तिची ओळख कागदावर उतरवा. इथे लोक दोन प्रकारे चुकतात. कोणी लिहितं, “थोडी लाजाळू आहे, प्रेमाने माणसाळेल.” कोणी रडकथा लिहितं. दोन्ही वाचून घेणाऱ्याला काहीच कळत नाही. तिने काय केलं, केव्हा केलं, आणि त्याआधी नेमकं काय झालं होतं, एवढंच लिहा. असं:

“डाव्या खांद्याशी गेल्यास उभी राहते. उजवीकडून गेल्यास मान वर करते, दोन पावलं सरकते. म्होरकी घालताना हात कानांवरून नेला तर झटक्यात मागे जाते. नाकपट्टी आधी नाकावर आणून पट्टा मानेमागून घेतला तर घालू देते. पाण्याच्या पाइपला घाबरते, बादलीला नाही. लांबून ढोल ऐकू आला तरी खाणं थांबवते. मागचा डावा पाय उचलू देत नाही. आजवर इतक्या वेळा लाथ मारली, अमुक महिन्यात, मागून कोणी न बोलता गेलं तेव्हा. चावलेली नाही.”

शेवटच्या दोन वाक्यांना लाजू नका. लाथ मारते हे लपवून दिलेली घोडी चार महिन्यांत तिसऱ्या दारात जाते आणि प्रत्येक दारात आणखी बिघडते. अंगावरचे पांढरे ठिपके, जुने व्रण आणि केसांचे भोवरे यांचे फोटो जोडा. लोक भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरवतात. तुम्ही ते ओळखीसाठी नोंदवा, कारण भोवऱ्यांच्या जागा बदलत नाहीत. शक्य असेल तर डॉक्टरांकडून मानेत डाव्या बाजूला मायक्रोचिप बसवून घ्या.

अनुभवी माणूस कोण? भरधाव दौडवणारा नव्हे. उत्तम स्वाराला बुजरं जनावर हाताळता येतंच असं नाही, आणि आयुष्यभर खरारा करत आलेल्या एखाद्या मोतद्दाराच्या (घोड्यांची निगा राखणाऱ्याच्या) हातात ती कला असते. पुणे-मुंबईच्या शर्यतीच्या तबेल्यांतून निवृत्त झालेले मोतद्दार, घोडेस्वारी शाळांत नव्या घोड्यांना तयार करणारी माणसं, लष्कराच्या किंवा एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरिनरी (घोडे सांभाळणाऱ्या) विभागात काम केलेली माणसं, यांच्याकडे चौकशी करा. घोडी त्यांच्याकडेच जाईल असं नाही, पण कोणाच्या दाराशी जावं हे त्यांना ठाऊक असतं.

भेटायला आलेल्याला विचारा, “पकडू दिलं नाही तर काय कराल?” दोर टाकून धरू म्हणाला, किंवा चंदी बंद करतो, भूक लागली की येईल म्हणाला, तर चहा पाजून निरोप द्या. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, उपाशी ठेवलं की जठरात व्रण होतात, आणि पोट दुखणारं जनावर जास्तच चिडचिडं होतं. “किती दिवसांत खोगीर घालाल?” याला “ते तिला पाहून सांगतो, कदाचित घालणारही नाही” असं उत्तर आलं तर तो माणूस आपल्या कामाचा. शिवाय हेही विचारा की तुम्ही गावाला गेलात तर तिला कोण पाहील. एकट्या माणसावर उभी राहिलेली व्यवस्था तुमच्याकडे आत्ता होतीच, आणि अडचण तिथूनच आली.

मग वीस मिनिटं त्याला घोडीजवळ जाऊ द्या आणि काही न सांगता लांबून पाहा. तो आत शिरण्याआधी फाटकाशी थांबून तिच्याकडे पाहतो का? तिने मान उचलली, नाकपुडी ताठ झाली, डोळ्याचा पांढरा भाग दिसला की तो तिथेच थांबतो, की आणखी एक पाऊल टाकतो? ती पळण्याआधी स्वतः मागे फिरतो का? वीस मिनिटांत तिला हातही न लावता बाहेर आलेला माणूस अनेकदा सर्वांत जाणता असतो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण इथेच जाणते लोकसुद्धा फसतात. स्तब्ध उभी असलेली घोडी शांत असतेच असं नाही. वरातीच्या कामात पुष्कळ घोड्यांना पळायला जागाच नसते. चारी बाजूंनी माणसं, दिवे, बँड. तेव्हा ती आतून गोठतात. मान ताठ, ओठ आवळलेले, शेपटी दाबलेली, पापणी लवत नाही, श्वास वरच्या वर. पाहणाऱ्याला वाटतं, किती गरीब आहे बिचारी. अशी घोडी दहा मिनिटं दगडासारखी उभी राहते आणि अकराव्या मिनिटाला स्फोट झाल्यासारखी निघते. खरी सैल झालेली घोडी पापणी मिटते, खालचा ओठ सोडते, एक मागचा पाय आळसावून टेकवते, लांब श्वास फुरफुरत सोडते, मान खांद्याच्या खाली आणते. यातलं काहीतरी दिसेपर्यंत पुढची पायरी घ्यायची नाही. नवा माणूस हा फरक ओळखतो की नाही हे त्याच्या तोंडून वदवून घ्या.

माणूस ठरला की त्याने तुमच्याकडे किमान सहा-सात वेळा यायचं, तीन आठवड्यांत. पहिल्या दोन खेपांना तुमची पत्नी कामं करेल, तो फाटकाबाहेर उभा राहील. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो चंदीचं घमेलं ठेवून बाहेर येईल. हातून खाऊ घालायची घाई नको, अनोळखी हाताशी खाण्याचा संबंध लागला की भीती आणि हाव एकत्र येऊन घोडं चावायला शिकतं. त्यानंतरच्या खेपांना दोघांनी मिळून म्होरकी घालायची, मग तो एकटा. म्होरकी तीच, दोरी तीच, शब्दही तेच. तुमच्या पत्नी “हो बेटा, हो” म्हणत असतील तर त्यानेही तेच म्हणायचं. ही म्होरकी, ती दोरी, खराऱ्याचा ब्रश आणि तिच्या वासाची एक गोणी घोडीबरोबर नव्या घरी जाईल.

टेम्पोची सवय याच काळात लावा. टेम्पो आणून त्याची मागची फळी बांधाला किंवा उंचवट्याला अशी टेकवा की चढण अगदी थोडी राहील. फळीवर घोंगडी किंवा जाड पोतं टाका. फळी खडखडली की ती पाऊल मागे घेते आणि मग महिनाभर ठेवत नाही. आत चार बोटं वाळू, वर उसाचं पाचट. पहिले दिवस फक्त फळीजवळ चंदी. मग पुढचे पाय फळीवर, आणि लगेच तुम्ही होऊन मागे. मग आत जाऊन खाणं, आणि बाहेर. दरवाजा बंद करणं सर्वांत शेवटी, आधी अर्ध्या मिनिटासाठी. रोज दोनदा, पंधरा मिनिटांहून जास्त नाही. मागून दोर लावून सहा माणसांनी आत ढकललेली घोडी चढते खरी, पण त्या दिवशी तिने टेम्पोबद्दल जे शिकून ठेवलं ते पुढे फार महागात पडतं.

निघायचा दिवस ढोल-फटाक्यांचा नसावा. गणपती, दिवाळी, लग्नाच्या दाट तिथी टाळा. पहाटे निघा. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र सोबत लागतं. पाय बांधायचे नाहीत. डोकं इतकं आखूड बांधू नका की तिला मान खाली करता येणार नाही. तासन्‌तास मान वर राहिली की श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि तीन दिवसांनी फुप्फुसाला सूज येते. भोरहून मुळशी म्हणजे जवळचा प्रवास, पण नवं घर नाशिककडे निघालं तर दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा, इंजिन बंद करून. पाणी तुमच्याच विहिरीचं दोन कॅनभर न्या. परक्या पाण्याच्या वासाने घोडी पीत नाही, पाणी कमी पडलं की शेण घट्ट होतं आणि पोटशूळ उठतो.

वैरणही सात-आठ दिवसांची बरोबर द्या आणि दहा दिवसांत हळूहळू नव्यावर आणायला सांगा. नव्या घरी कुक्कुटपालन असेल तर एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून द्या: कोंबडीखाद्य तिच्या तोंडी लागता कामा नये. त्यात कोंबड्यांसाठी मोनेन्सिन घातलेलं असू शकतं आणि ते थोडंसुद्धा घोड्याचं हृदय निकामी करतं.

कागद करा. पहिले ९० दिवस घोडी सांभाळायला दिली आहे, मालकी तुमची, असं लिहा, आणि दोन्हीकडे समाधान असेल तर नंतर मालकी द्या. वरात, मिरवणूक, भाड्याची सवारी, पैदास, पुनर्विक्री नाही. सांभाळता आली नाही तर आधी तुम्हाला कळवायचं. आणि तसा फोन आलाच तर घोडी कुठे ठेवाल याची तजवीज तुमच्याकडे आधीच हवी, नाहीतर ते कलम नुसती शाई.

त्या प्रेमळ कुटुंबाला मात्र तोडू नका. त्यांच्याकडे वर्षा-दोन वर्षांनी एखादं शांत, म्हातारं घोडं जाऊ शकेल.

प्रश्न : आम्ही तीन आठवड्यांपूर्वी अशीच एक सोडवलेली घोडी आणली. आमच्याकडे आधीचे दोन घोडे आहेत, घोड्यांचा सराव वीस वर्षांचा. पण हिला पहिल्याच दिवशी मोठ्या कुरणात सोडलं आणि तेव्हापासून ती हाती येत नाही. चौघांनी मिळून कोपऱ्यात कोंडायचा प्रयत्न केला तर तारेवरून उडी मारायला निघाली. काय करावं?

उत्तर : कोंडणं आजच थांबवा. काटेरी तार असेल तर तीही काढा. घाबरलेल्या घोड्याला तार दिसत नाही, आणि छाती फाटलेलं जनावर टाके घालायलासुद्धा हाती लागणार नाही.

कुरणाच्या एका कोपऱ्यात, जिथे पाणी आहे तिथेच, सुमारे ३० फूट बाय ३० फुटांचं लाकडी किंवा पाइपाचं आवार करा. उंची पाच फूट, फाटक दहा फुटांचं. पाणी आणि चंदी फक्त तिथेच, चरायला कुरण खुलं. फाटक बांधून उघडं ठेवा. तुमच्या दोन घोड्यांतला जो माणसाळलेला आणि न मारणारा आहे त्याला तिच्याबरोबर सोडा. तो रोज तुमच्याकडे येऊन खाजवून घेतो हे ती पाहील. पाच-सहा दिवसांत ती निवांत आत येऊ लागली की दोघंही आत असताना, खाणं चालू असताना, फाटक सावकाश लावा.

आता रोज तीनदा, दहा-दहा मिनिटं. सरळ तिच्या दिशेने चालू नका, कमानीत चाला, नजर तिच्या खांद्यावर, डोळ्यांत नको. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग आंधळा असतो. म्हणून जाणं खांद्याच्या रेषेत. तिने कान वळवला, मान उचलली की थांबा. ती तिथेच उभी राहून थोडी सैल झाली की तुम्ही पाठ फिरवून दूर जा. तुमचं दूर जाणं हेच तिचं बक्षीस. ती पळाली म्हणून तुम्ही गेलात तर पळण्याला बक्षीस मिळालं. सगळी मेख या एका क्षणात आहे, आणि घाईत नेमका तोच चुकतो.

पहिला स्पर्श खांद्यावर, मुठीच्या पाठीने. थोपटू नका, खाजवा, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. कपाळावर हात नेण्याची आपल्याला फार हौस, पण तिथे येणारा हात तिला अर्धवटच दिसतो.

एकदा हाती आली की दहांतल्या नऊ वेळा तिला धरून काहीही करू नका. म्होरकी घाला, खाजवा, काढा, सोडा. दरवेळी म्होरकीनंतर इंजेक्शन किंवा काम आलं तर आठव्या दिवशी परत शून्यावर. पकडायला सोपं म्हणून नायलॉनची म्होरकी अंगावर ठेवून कुरणात सोडू नका. फांदीत अडकते, नाहीतर कान खाजवताना मागचं खूर तिच्यात जातं. नायलॉन तुटत नाही, मान तुटते.

बांधायची वेळ आली की खुंटीला सुतळीची एक कडी घाला आणि दोरी त्या कडीत अडकवा. घोडीने मागे हिसका दिला तर सुतळी तुटेल, तिच्या मानेला धक्का बसणार नाही, आणि बांधणं म्हणजे सापळा हा धडाही बसणार नाही. धरायची दोरी बारा फूट, अंगठ्याएवढी जाड, सुती. हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही.

प्रश्न : घोडी आता बरीच माणसाळली, पण मागचे पाय देत नाही. खुरं वाढली आहेत. नालबंद म्हणतो पिछाडी बांधून पाडू, अर्ध्या तासात काम. पाडू द्यावं का?

उत्तर : नको. खुरं दर सहा ते आठ आठवड्यांनी छाटायची असतात. एकदा पाडून छाटलीत तर पुढच्या प्रत्येक वेळी पाडावं लागेल, आणि एखाद्या वेळी कंबर किंवा मान दुखावेल.

आधी विचार करा की पाय देत नाही की उचलता येत नाही. उजवा थोडा देते आणि डावा मुळीच देत नसेल तर कदाचित डावा उचलून धरल्यावर दुखत असेल, किंवा उजव्यावर सगळा भार पेलवत नसेल. सांधे धरलेल्या घोडीचा पाय सहा इंचांहून वर नेऊ नका. नालबंदाने खाली बसून काम करायचं.

सवय लावायची तर मऊ सुती दोरीची बारा फुटी सैल कमान करून, स्वतः खांद्याशी उभं राहून, ती दोरी आधी पाठीवर, मग पुठ्ठ्यावर, मग मांडीवरून खाली घोट्यापर्यंत फिरू द्या. लाथ झाडली तर दोरी आहे तिथेच राहू द्या, ओढू नका, काढूही नका. पाय स्थिर झाला की लगेच काढा. आठवडाभराने दोरी घोट्याखाली अडकवून पुढच्या दिशेने हलकेच ताणा. तिने भार कमी करून नुसतं खुराचं टोक टेकवलं की सोडा. पुढे दोन सेकंद उचललेला, मग पाच. त्यानंतर हात. पाय तिने हिसकावण्याआधी तुम्ही खाली ठेवायचा.

नालबंदाला खुरांचे नाही, वेळेचे पैसे द्या. पहिल्या खेपेला त्याने अवजारं न आणता फक्त पाय हातात घ्यावेत आणि पूर्ण मजुरी घेऊन जावं, असं आधी बोलून ठेवा. दोन खेपांची मजुरी पाडलेल्या घोडीच्या उपचारांहून कितीतरी स्वस्त. खुरं फारच वाढून चाल बिघडली असेल तर एकदा डॉक्टरांनी गुंगी देऊन छाटावीत. गुंगीचं औषध स्वतः आणून देऊ नका. काही औषधं घोडी भ्यायच्या आधी दिली तरच लागू पडतात, भ्याल्यावर नाहीत, आणि गुंगीतली घोडीही लाथ मारते, तीही कान न पाडता.

प्रश्न : घर मिळत नाही. शेजारी म्हणतात, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ने, चार दिवसांत गिऱ्हाईक मिळेल. तसं करावं का?

उत्तर : चांगलं, निडर जनावर विकायला तापीकाठचा तो बाजार मोठाच आहे. बुजऱ्या घोडीसाठी तो नाही. एक तर तिला हजारो माणसं, घोडे आणि ढोल-लाउडस्पीकरमध्ये उभं करावं लागेल. दुसरं, बाजारात गिऱ्हाईक चाल, रंग, देवमण (शुभ मानलेला भोवरा) पाहतं, आणि तुमच्याकडे त्याचे हात पारखायला वीस मिनिटंही नसतात. अशी घोडी स्वस्तात जाते, आणि स्वस्तातली घोडी पुन्हा वरातीत उभी राहते. काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी तो वापरणारे आहेत.

प्रश्न : आमची घोडी चार ठिकाणांहून परत आली. चौथ्याने तर, तिने मोतद्दाराला जखमी केलं, असं सांगितलं. आता कोणाला द्यायची हिंमत होत नाही.

उत्तर : मग देऊ नका, निदान सहा महिने. चार घरं म्हणजे चार वेळा सगळं ओळखीचं पुसलं गेलं. तिला एका जागी राहू द्या, आणि त्या चौघांनाही फोन करून नेमकं काय घडलं ते लिहून काढा. चारही वेळा टेम्पोतून उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच अपघात झाला असेल तर तो घोडीचा स्वभाव नाही, घाईचा परिणाम आहे. चारही ठिकाणी एकाच बाजूने उडाली असेल तर डोळा आणि पाठ पुन्हा तपासा.

घर शोधायचंच असेल तर सवारीचं शोधू नका. दुसऱ्या घोड्याला सोबत म्हणून राहील आणि माणसाने तिच्याकडे तीनच गोष्टी मागाव्यात असं शोधा: म्होरकी, खुरं, इंजेक्शन. एवढं करू देणारी घोडी वीस-पंचवीस वर्षांची होईपर्यंत नीट जगते. तुम्हाला जागा नसेल पण ऐपत असेल तर जाणत्या तबेल्यात महिन्याच्या खर्चाने ठेवा, मालकी तुमचीच.

एक शक्यता उरते आणि ती विचारायला लोक कचरतात. दुखणं असं की बरं होत नाही, औषधाने दबत नाही, आणि त्या वेदनेपायी ती रोज स्वतःला किंवा माणसांना इजा करते. अशा वेळी दोन पशुवैद्यांचं मत घ्या. दोघांनीही तेच सांगितलं तर तिला डॉक्टरांकडून शांतपणे झोपवणं हे तिला पाचव्या परक्या दारात ढकलण्याहून बरं. ते तिच्या ओळखीच्या जागी व्हावं. टेम्पो नको, नवी माणसं नकोत. आधी गुंगीचं इंजेक्शन, समोर तिची चंदी. तिच्या सोबतीचं घोडं असेल तर नंतर त्याला जवळ येऊन हुंगू द्या, त्याला हवा तेवढा वेळ. सोबतीण अचानक दिसेनाशी झाली की घोडी दिवसचे दिवस खिंकाळत फाटकाशी फिरतात, वैरणीला तोंड लावत नाहीत. हुंगून झालं की बहुतेक वेळा ती आपणच बाजूला होतात आणि चरायला लागतात.